होयबाचा फेरविचार

धाकटीने विद्यापीठात 'स्थानिक स्वराज्य प्रशासन' हा विषय घेतला तेव्हा घरात कुणालाही आनंदाचं भरतं आलं नाही. गटारं आणि दिवाबत्ती शिकायला तीन वर्षं कशाला लागतात, असं थोरली म्हणाली. पुढे होणार काय, हे शेजारीपाजारी विचारून थकले. धाकटीला स्वतःलाच ते धड ठाऊक नव्हतं, पण गाव कसं चालतं ते मला कळणार, असं ती ठसक्यात सांगायची. आणि गाव चालवणाऱ्यांतली दोन माणसं तर तिच्या घरचीच होती.

एक तिचे बाबा. घड्याळदुरुस्तीचं दुकान सांभाळून ते नगरपालिकेत सदस्य होते. दुसरी आत्या, त्यांची मोठी बहीण, शिवणवर्गाची निवृत्त बाई. तीही सदस्य, पण विरोधी गटाची. दोघांचे वॉर्ड लागून, म्हणून सभागृहात खुर्च्याही शेजारीशेजारी. बाबांना अख्खं गाव 'होयबा' म्हणे. सभेत ते आधी आजूबाजूला बघत, चार हात वर गेले की पाचवा यांचा. माणूस वाईट नव्हे हो! उलट इतका भला की कुणाला नाही म्हणायची वेळ आली की हेच ओशाळून जात. आत्याचा मात्र कायम नन्नाचा पाढा. विषय कुठलाही असो, हिचा विरोध ठरलेला, त्यामुळे तिच्या विरोधाला कुणी भीक घालत नसे.

एका सभेत सगळ्यांना घरी जायची घाई होती. शेवटचा विषय भराभर वाचला गेला : पालिकेने भाड्याने घेतलेल्या एका इमारतीचा करार संपवणे. कुठली इमारत, हे कुणी विचारलं नाही. चार हात वर गेले, पाठोपाठ बाबांचा गेला. आत्याने विरोध केला, तोही कुठली इमारत ते न विचारताच. ठराव मंजूर झाला आणि मंडळी चहाला गेली.

ती इमारत म्हणजे पालिकेचं पाळणाघर होतं. थोरली इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. तिची तान्ही दिवसभर त्या पाळणाघरात असे. महिनाअखेरीस पाळणाघर बंद, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, तशी ती लेकीला कडेवर घेऊन थेट माहेरी आली. दुसरी सोय नव्हती, म्हणजे नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबा जेवायला बसले होते. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमचा हात वर होता?" एवढंच तिने विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. आयुष्यभर तोंडात बसलेल्या त्या शब्दाची त्यांना कधी एवढी लाज वाटली नव्हती.

आत्याला कळलं तशी ती तणतणत नगराध्यक्षांकडे गेली आणि विषय पुन्हा घ्या म्हणाली. नगराध्यक्षांनी शांतपणे सांगितलं की तुम्ही ठरावाच्या विरोधात होता, तुम्हाला तो पुन्हा मागता येत नाही, तसा नियम आहे. घरी येऊन आत्याने नियम करणाऱ्यांचा मनसोक्त उद्धार केला. तो ऐकता ऐकता धाकटीचे कान टवकारले. हा नियम वर्गात झाला होता, आणि ती तेव्हा चक्क पेंगत होती.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिने प्राध्यापिका बाईंना गाठलं. बाईंनी नियम पुन्हा समजावला. हरलेल्यांनी रोज तेच उकरून काढू नये म्हणून त्यांना मनाई आहे. पण ज्याने बाजूने मत दिलं, त्याचंच मन बदललं तर तो पुढच्याच सभेत फेरविचार मागू शकतो, फक्त दुसऱ्या कुणीतरी, मग तो कुठल्याही बाजूचा असो, अनुमोदन द्यायला हवं. बाई हसून म्हणाल्या की दरवर्षी शिकवते, पण कुणी वापरलेला मात्र पाहिला नाही. चारचौघांत उठून आपलं चुकलं म्हणायला कोण तयार होतं?

धाकटी तिथून तडक दुकानात गेली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"उभं राहून सांगू काय? वाचलं नव्हतं म्हणून?"

"तेवढंच सांगा बाबा. दुसरं काही नको."

आणि ते पुढ्यातल्या घड्याळावर वाकले. धाकटीला वाटलं, झालं, मुसळ केरात. बाबांचा राग येत होता आणि त्याहून जास्त त्यांची कीव येत होती.

सभेच्या दिवशी दोघी बहिणी प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या, तान्ही थोरलीच्या मांडीवर. कामकाज सुरू होताच बाबा उभे राहिले. ते उभे राहून बोलतात हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

"मागच्या सभेत करार संपवायला मी हो म्हटलं," ते म्हणाले. "कुठली इमारत ते विचारलं नाही. सगळे हो म्हणाले म्हणून म्हटलं. ते पाळणाघर आहे. माझी नात तिथे असते. नसती, तरी मी विचारायला हवं होतं. मला फेरविचार हवा."

नगराध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कुणाचं? बाबांच्या गटातले सगळे टेबलाकडे बघत बसले.

"माझं," आत्या म्हणाली. "माझं अनुमोदन आहे."

सभागृहात हशा पिकला. आत्याने एक जळजळीत नजर फिरवली आणि हशा विरला. करार चालू ठेवावा, यावर मत घ्यायचं ठरलं. बाजूने कोण, असं विचारताच बाबांचा हात वर गेला, सगळ्यात आधी. आजूबाजूला बघायचं ते विसरले होते. शेजारी आत्याचा गेला. मग मागून एक, पलीकडून दोन, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त हात वर आले. कुठली इमारत, ते मागच्या वेळी त्यांनी तरी कुठे विचारलं होतं? थोरलीने तान्हीला छातीशी घट्ट धरलं आणि ती खाली मान घालून रडू लागली.

"विरोधात कोण?" नगराध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं.

इतक्या वर्षांची सवय! आत्याचा हात आपसूक वर निघाला. बाबांनी तो मधेच पकडला, हळूच खाली टेबलावर आणला, आणि सभा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.