माझ्या इंजिनावरचा कर

मित्रांनो, मी एक जुनी, मोठ्या इंजिनाची मोटार आहे. सध्या मलकपेठेत एका भंगारवाल्याच्या अंगणात उभी आहे. माझी चाके त्याने आधीच काढून नेली आहेत.

मी घडले तेव्हा मोठ्या इंजिनाला मान होता. पहिल्या मालकाने मला वरातींत मिरवले आणि नवी गाडी येताच विकून टाकले. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणूनच मी गौलीगुड्याच्या नामदेवरावांना परवडले. त्यांचे छोटे किराणा दुकान होते. मिरवण्याची त्यांना हौस नव्हती. त्यांची मुलगी इंदुताई लहानपणीच्या पोलिओमुळे चालू शकत नसत. त्यांची चाकांची खुर्ची मावेल अशी डिकी फक्त माझ्याकडे होती.

इंदुताई नामपल्लीच्या एका शाळेत मराठी शिकवीत. नामदेवराव रोज त्यांना उचलून माझ्यात बसवीत. शाळेपाशी मुले धावत येत, खुर्ची उतरवून घेत आणि ती कोण ढकलणार यावरून भांडत. ती माझी सुखाची वर्षे.

मग देशाचा बाजार खुला झाला. रस्त्यावर छोट्या, चकचकीत गाड्या आल्या. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या शेजारच्या किशोरनेही एक घेतली. तिच्या किमतीत माझ्यासारख्या कितीतरी आल्या असत्या. त्याच सुमारास नवा नियम आला: इंजिन जेवढे मोठे, तेवढा दरवर्षीचा कर जास्त.

नामदेवराव कचेरीत गेले. मी खिडकीखालीच उभी होते.

"साहेब, गाडी जुनी आहे. शाळेपर्यंत जाते नि येते. शेजाऱ्याची एवढी महागडी, मग त्याला माझ्याहून कमी कर कसा?"

कारकून वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "चाचा, कायदा इंजिन देखता. अंदर कौन बैठता, वो मेरेकू नक्को पूछो."

नामदेवरावांनी कसाबसा कर भरला. पुढच्या खेपेला जमले नाही, आणि कर भरल्याशिवाय मला रस्त्यावर काढता येईना. किशोर आपणहून म्हणाला, "काका, मी सोडतो ताईंना." पण त्याच्या डिकीत खुर्ची मावेना. टपावर बांधली, ती घसरून पडली आणि एक चाक वाकले. तो ओशाळला.

"राहू दे किशोर," इंदुताई म्हणाल्या, "यात तुझा काय दोष?"

रोजची रिक्षाही परवडेना, म्हणून त्यांनी शाळा सोडली. भंगारवाला मला न्यायला आला, तेव्हा नामदेवराव माझ्यापाशी उभे होते.

"इंदू, एवढी मोठी गाडी घेऊन मी चुकलो का गं?"

"मोठी कुठे होती, बाबा? माझ्यापुरतीच तर होती."

मित्रांनो, कर द्यावाच लागतो. त्याशिवाय रस्ते कसे होणार? पण सगळ्यांना एकच माप लावले म्हणजे न्याय झाला, असे नसते. उद्या तुमच्यापैकी कुणी नियम करील, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. आणि गौलीगुड्याकडे गेलात, तर पुस्तक घेऊन इंदुताईंकडे जा. त्यांना अजून शिकवायचे आहे.