दादाचा हमरस्ता

माझ्या हृदयाची नळी अरुंद झाली म्हणून डॉक्टरांनी तीत स्प्रिंग बसवली, तेव्हापासून दादाने मला नावाने हाक मारणंच सोडलं. "ए अरुंदा, पाना दे!" गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. आमचं दोघा भावांचं टायरचं दुकान. तो सत्तरीचा, मी थोडा लहान, पण शब्द कायम त्याचाच शेवटचा.

मग मुतखड्याच्या संशयाने त्याच्या पोटाची सोनोग्राफी झाली. खडा निघालाच नाही. निघालं काय, तर पोटातली मोठी रक्तवाहिनी हवी त्याच्या दुप्पट रुंद. डॉक्टर पुढचं सांगत होते, तोवर हा उठून बाहेरसुद्धा आला.

"ऐकलंस का रे अरुंदा? माझी डबल आहे. तुझी गल्ली, माझा हमरस्ता!"

चहावाल्याला सांगून झालं, समोरच्या शिंप्याला सांगून झालं. लोक हसले. मीही हसलो, करतो काय!

पुढचं डॉक्टरांनी त्याच्या सुनेला सांगितलं. ती तशीच दुकानात आली, हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. "काका, रुंद म्हणजे चांगली नाही हो. भिंत पातळ होऊन फुगलीय. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटते. ऑपरेशन करायला हवं. बाबा ऐकतच नाहीत."

मी दादाला गाठलं. "करून घे ना ऑपरेशन."

"म्हणजे तू हसायला मोकळा."

"नाही हसणार. तुझ्या गळ्याची शपथ."

"तू नाही तर चहावाला हसेल." आणि पाठ फिरवून ट्यूब पाण्यात बुडवायला लागला.

दुसऱ्याच दिवशी एकजण गाडी घेऊन आला. पुढच्या टायरच्या अंगाला लिंबाएवढा फुगा. म्हणाला, "नुसती हवा मारा, घाईत आहे."

दादाचा पारा चढला. "पोरंबाळं बसवतोस यात? आतले दोरे तुटलेत, भिंतीत जीव नाही. फुटलं तर काय मला येऊन सांगणार आहेस?" जॅक लावून त्याने टायर उतरवलंच, दुसरं घातलं, तेव्हा सोडला.

गाडी गेली. मी म्हणालो, "दादा, आणि तुझ्या पोटात काय आहे?"

तो उतरवलेल्या टायरकडे वळला. अंगठ्याने फुगा दाबून पाहिला. "सुनेला विचार," हळूच म्हणाला, "कधी जायचं ते."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून चहावाला ओरडला, "काय हमरस्ता, चहा पाठवू का?"

दादाने मान वर केली. "पाठव दोन! अरुंदाला बिनसाखरेचा!" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू दे. बघू पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना कुठला यायला! भर दुपारी पाठ धरून टायरच्या ढिगावर बसला तो बसलाच. दवाखान्याचं दारही बघितलं नाही.

"एवढा ठणठणीत माणूस," चहावाला डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, "नळ्या कशा रुंद होत्या!"

आता मला अरुंदा म्हणणारं कुणी नाही; चहावालाही काका म्हणतो. चहा मात्र अजून बिनसाखरेचाच पाठवतो. थुंकून टाकावासा वाटतो. पितो झालं.