कापूसपेठेची दर्शनी बाजू

"भाऊ, तुमीच नाई म्हनसान, तं मी कोनापाशी जाऊ?" देवकाबाईने विचारलं आणि ओट्यावरच्या खांबाला बोट लावलं. बोट सरळ आत गेलं. वाळवीने सागवान आतून खाऊन टाकलं होतं. वर नुसता रंग उभा होता.

श्रीनिवास मोजपट्टी गुंडाळत राहिला. नगरपालिकेत तो ट्रेसर, म्हणजे नकाशे काढणारा. पण ओव्हरसियरची जागा कित्येक वर्षं भरलीच नव्हती, त्यामुळे बांधकामाच्या अर्जांची पाहणीही त्याच्याच गळ्यात पडली होती. देवकाबाई त्याची शेजारीण, दोन्ही घरांना मधली भिंत एकच. नवरा वारलेला, एकुलती लेक गिरडला दिलेली. तिचा अर्ज साधा होता. पुढचे दोन लाकडी खांब काढून विटांचे उभे करायचे आणि छपरावरच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, जागी स्लॅब टाकायचा.

"माकडं दरसाल कवेलू फोडतेत. फेरनारा मानूस आता भेटत नाई. मी म्हातारी चढू का छपरावर?"

"नियमात बसत नाही, बाई."

आता हा नियम आणला कुणी म्हणाल, तर यानेच! अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे त्र्याहत्तर साली, एक हौशी मुख्याधिकारी बदलून आले होते. त्यांना कापूसपेठ भारी आवडली. उंच ओटे, सागाचे खांब, कोरलेल्या तुळया, कवेलूंची उतरती छपरं, तेवीसही घरं एका ढंगाची. ही पेठ अशीच राहिली पाहिजे, म्हणाले, नियम करा. साहेबांनी म्हटलं आणि श्रीनिवास कामाला लागला. भर उन्हात रस्त्यात स्टूल टाकून त्याने एकेका घराची दर्शनी बाजू काढली, कवेलूंच्या ओळीसुद्धा मोजून. देवकाबाई ताक आणून द्यायची. "माह्या घराचे खांब सरळ काढजा, भाऊ," म्हणून चिडवायची. मग अकरा कलमं झाली. कवेलूच हवेत, खांब सागाचेच, ओटा बंद करायचा नाही, उंची वाढवायची नाही. नकाशा काचेत बसवून सभागृहात लागला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात श्रीनिवासचं नाव आलं. उभ्या नोकरीत त्याचं नाव कुठे लागलं असेल तर तेवढंच. ट्रेसरला विचारतो कोण?

साहेब वर्षभरात बदलून गेले. नियम मात्र राहिला आणि तो सांभाळायला श्रीनिवास राहिला.

कचेरीत हेडक्लार्क किसनरावांनी त्याचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"नामंजूर? अहो, ते बाई तुमाले दरसाल भाऊबीजेले ओवाळते न?"

"ओवाळते."

"मंग लिहून टाका ना, खांब पहिलेपासूनच इटाचे हायत. कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून आलो ना."

"हरिश्चंद्राच्या पोटचे का तुमी?" किसनरावांनी मान हलवली. "सागवान घेनं तिच्या आवाक्यात हाय का, सांगा मले."

नव्हतं, आणि हे श्रीनिवासला ठाऊक होतं. दोन रविवार तो जुन्या लाकडाच्या वखारी हिंडून आला होता, हात हलवत परत आला होता. पण एकीसाठी खोटं लिहिलं की बाकीच्या बावीस घरांना काय तोंड दाखवायचं? त्याने सही केली. त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही खरं.

जेठात वावधन, म्हणजे वादळ, सुटलं आणि देवकाबाईच्या घराचा पुढचा कोपरा खाली आला. ती मागे चुलीपाशी होती म्हणून वाचली. चौथ्या दिवशी गिरडहून लेक-जावई आले. घर विकलं गेलं. घेणारा होता रूपराव, जाम गावाच्या फाट्यावरचा हॉटेलवाला. जाताना देवकाबाईने मधल्या भिंतीवरून हात फिरवला आणि "येतो, भाऊ" एवढंच म्हणाली. तिने शिव्या दिल्या असत्या तर श्रीनिवासला बरं वाटलं असतं. तो खाली मान घालून तिचं बोचकं बैलगाडीत ठेवत राहिला.

रूपरावाने अर्ज-बिर्ज काही केला नाही. तो सरळ मेंबरांच्या घरी चहाला गेला. पुढच्याच सभेत कापूसपेठेचा नियम "विकासास बाधक" ठरून रद्द झाला. हात वर झाले, खाली आले, चहा आला. त्या ठरावाची टिपणी लिहायला लावली श्रीनिवासलाच, कारण फाइल दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. त्याने अकराही कलमं एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकापुढे "रद्द" लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, त्याचीच त्याला लाज वाटली.

दसऱ्यापर्यंत देवकाबाईच्या जागेवर खाली चार शटरं आणि वर दोन मजले चढले. बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. एकेक ओटा फुटत गेला. श्रीनिवासच्या बायकोने, सुमतीने, एकदाच विचारलं, "मग तिला का नाही म्हणालात हो?"

भाऊबीजेला त्याने गिरडची एस.टी. धरली. सगळं खरं सांगायचं आणि पाय धरायचे, असं ठरवूनच निघाला होता. बाई, माझं चुकलं. वाटभर तो हेच घोकत होता.

लेकीच्या घरामागे टिनाची एक खोली काढलेली होती. देवकाबाई तिथे राहायची. ती वाळली होती, पण त्याला पाहून उठली, पाट मांडला, ताट तयार केलं.

"मले लय राग आलता तुमचा," वात वळता वळता ती म्हणाली. "मंग इथं बसल्या बसल्या सोचलं. तुमी हो म्हटलं असतं, तं म्याच माह्या हातानं मामंजीचं घर मोडलं असतं. आता तुमच्या नियमापायी रूपरावले तरी मोडता येत नाई. पैशेवाला मानूस, त्यानं सागाचेच खांब बसवले असन. हो न?"

श्रीनिवासने घोकलेलं सगळं बाजूला ठेवलं. नोकरीत त्याने एकाही रिपोर्टात एकही ओळ खोटी लिहिली नव्हती.

"हो, बाई," तो म्हणाला. "सागाचेच बसवले."

"आन् कवेलू?"

"कवेलूच आहेत. नवे घातले."

"ओटा ठेवला?"

"ठेवला. संध्याकाळी लोक बसतात."

देवकाबाईने आत लेकीला हाक मारून सांगितलं, "आयकलं का व? घर हाय तसंच हाय." मग पदराने डोळे पुसले, निरांजन लावलं आणि त्याच्या कपाळाला कुंकू टेकवलं. श्रीनिवासने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"भाऊ, इकडं पाहा न माह्याकडं," ती म्हणाली. "ओवायताना डोये मिटत नाईत."

त्याने डोळे उघडले.