डार्लीनच्या शब्दावर

डार्लीन प्रुइट अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या एका शाळेत मुलांना जेवण वाढायची. वीस वर्षं त्याच खिडकीत उभी राहिल्यामुळे आसपासची निम्मी घरं तिला नावानिशी ठाऊक होती, आणि बोलायला ती पहिल्यापासून मोकळी. तिचं उतरलेलं वजन पाहून कुणी विचारलं, की ती घेत असलेल्या वजन उतरवायच्या हिरव्या गोळ्यांचं नाव कौतुकाने सांगायची. गोळ्या बनवणारी कंपनी तिला त्या फुकट पाठवायची. बदल्यात कुणाकुणाला सांगितलं तेवढं तिने कळवायचं. ही जाहिरात आहे असं तिला कधी वाटलंच नाही. चांगली गोष्ट शेजारणीला नाही सांगायची, तर कुणाला?

शेजारीण म्हणजे बर्निस. फेब्रुवारीत ती पिवळी पडली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेली. यकृत निकामी झालं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांकडे बोट दाखवलं. दफनानंतर तिच्या नवऱ्याने, स्टॅनने, उरलेली बाटली डार्लीनच्या पायरीवर आणून ठेवली. बेलसुद्धा वाजवली नाही.

शिकागोच्या परिषदेचं आमंत्रण त्याआधीच आलेलं होतं. तोंडी प्रसिद्धीचा धंदा करणारे देशभरचे लोक तिथे जमणार होते आणि कंपनीत प्रसिद्धीचं काम बघणारा ट्रेंट तिला व्यासपीठावर बसवणार होता. तिने फोनवर त्याला बर्निसचं सांगितलं.

"फार वाईट झालं हो," तो म्हणाला. "पण सिद्ध काहीच झालेलं नाही. तिथे तो विषय नका काढू. तुम्ही या मात्र नक्की."

कंपनीतल्या कुणा मोठ्या माणसाला समोरासमोर जाब विचारावा, म्हणून डार्लीन गेली. मोठं माणूस कुणी आलंच नव्हतं. गळ्यात नावाचे बिल्ले अडकवलेले अनोळखी लोक तेवढे हात मिळवून जात होते. "तुम्हीच का त्या? वा! तुमच्यासारख्या दहा जणी मिळाल्या ना, तर माझं काम संपलं."

सभागृहात अंधार झाला. पडद्यावर मधोमध तिचं नाव उमटलं आणि त्यातून चहूकडे त्रेचाळीस रेघा निघाल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक हिरवा ठिपका, ठिपक्याखाली तिने कळवलेलं नाव.

"असला विश्वास जाहिरातीने मिळत नाही," ट्रेंट लोकांना म्हणाला. "डार्लीन, ही पहिली रेघ कशी निघाली ते सांगा ना."

पहिल्या ठिपक्याखाली बर्निसचं नाव होतं. फोनवर ऐकलेलं ते नाव ट्रेंटच्या लक्षातही राहिलेलं दिसत नव्हतं.

"ती माझी शेजारीण," डार्लीन म्हणाली. "आम्ही दारातला बर्फ उपसत होतो. मुलीच्या लग्नात तिला जुना झगा घालायचा होता, म्हणून मी गोळ्यांचं सांगितलं. पुढे ती म्हणाली, 'पोटात फार दुखतं गं.' मी म्हटलं, 'सुरुवातीला दुखतंच, सोडू नकोस.' हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मनाने ठोकून दिलं मी. तीन आठवड्यांपूर्वी ती गेली. या गोळ्यांनी गेली."

मग तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला.

"ऐकून वाईट वाटलं. एक विचारू? ही बातमी बाकीच्या बेचाळीस जणांपर्यंत किती दिवसांत पोचली?"

डार्लीनला आधी प्रश्नच कळला नाही. "पोचलीच नाही," ती म्हणाली. "मीच कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती."

सभागृहभर माना खाली गेल्या. लोक लिहून घेत होते.

बाहेर व्हरांड्यात ट्रेंटने तिला गाठलं. "माझी नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. एका बाकावर बसून तिने फोन काढला आणि बाकीच्या बेचाळीस जणांना एकेक करून लावायला घेतला.

पहिलीने उचलला नाही. दुसरी शाळेतली कारकून. तिने रडत रडत गोळ्या मोरीत ओतल्या. तिसरी चर्चमधली यव्हेट.

"काहीतरीच काय! मला तर छान मानवल्यात," यव्हेट म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना?"

"चुकलं माझं. यव्हेट, आजपासून बंद कर. प्लीज."

"अगं, मी माझ्या बहिणीलाही दिल्यात. तिने तिच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय."

"बहिणीचा नंबर दे मला."

"तिचं पोट दुखतंय जरासं, पण तू म्हणाली होतीस तेच मी तिला सांगितलं. आता उगाच घाबरवू नकोस हं तिला." आणि यव्हेटने फोन ठेवला.

डार्लीनने लगेच पुन्हा तोच नंबर लावला. तो वाजत राहिला.