दोन मॅचमधला अर्धा तास

वसुधाने ठरवलं होतं, आज विचारायचंच. पहिली मॅच संपली की दुसरी सुरू होईपर्यंत अर्धा तास मिळतो. मुली उभ्याउभ्याच सँडविच खातात, कोणीतरी मैदानातली माती सारखी करून पांढऱ्या रेघा पुन्हा आखतं. तेवढ्यात विचारायचं. मॅच चालू असताना लतिकाशी बोलण्यात अर्थ नसतो, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

विचारायचं काय, तर, "लतिका, तू टेक्सासला जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये."

एवढं साधं वाक्य, पण सकाळी इडल्या उकडताना तिने ते चारदा मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

लतिकाचा नवरा कुमार जाऊन दोन वर्षं होत आली होती. मुलगा मिहीर टेक्सासमध्ये, शुगर लँडला, तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आईने न्यू जर्सीतलं, एडिसनमधलं घर विकून आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागला होता, आणि फेब्रुवारीपासून लतिकाच्या अंगणात 'फॉर सेल'ची पाटी उभी होती. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला वसुधाचं चार बेडरूमचं घर, आणि त्यात एकटी वसुधा. तिचे यजमान जाऊन फार वर्षं झाली. मुलगा आर्य कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. फोन करतो, पण त्याची दर मिनिटाला कुठली तरी मीटिंग असते.

पाटी लागली म्हणजे घर विकलं असं नाही, असं वसुधा स्वतःला समजावत होती. लोक पाट्या काढूनही टाकतात.

एप्रिल असूनही वारा बोचरा होता. घराजवळचं ते कॉलेज लहानसं, त्याची मुलींची सॉफ्टबॉल टीम त्याहून लहान, आणि या वर्षी तर ती हरण्यासाठीच जन्माला आल्यासारखी खेळत होती. ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांवर विसेक माणसं, बहुतेक मुलींचे आईबाप. त्यांच्यात या दोघीच अशा, ज्यांचं मैदानावर कोणी नव्हतं. लतिकाने नेहमीप्रमाणे तिसऱ्या पायरीवर उशा टाकल्या, गुडघ्यांवर शाल घेतली, डोक्यावर कॉलेजची निळी टोपी चढवली.

"आज डबल-हेडर आहे, माहीत आहे ना?" ती म्हणाली. "त्याच दोन टीम, पाठोपाठ दोन मॅच. मधेच थंडी वाजते म्हणून कुरकुर करायची नाही."

"मी कधी कुरकुर केली?"

"गेल्या शनिवारी. आणि त्याच्या आधीच्या."

हे सॉफ्टबॉलचं वेड लतिकाचं. अमरावतीला कॉलेजात असताना ती खेळायची, तिसऱ्या बेसवर. तेव्हा हा खेळ तिकडे नवा होता. दोन्ही टीममध्ये मिळून हातमोजे जेमतेम पुरतील एवढे. आपली फील्डिंग संपली की मोजे मैदानावरच ठेवून यायचं, मग दुसऱ्या टीमने तेच घालायचे, दुसरीच्या घामाने ओले झालेले. ही गोष्ट वसुधाने असंख्य वेळा ऐकली होती. रिटायर झाल्यावर दोघी कॉलेजच्या आवारात फिरायला येऊ लागल्या. एका दुपारी लतिकाला कुंपणापलीकडून चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज आला, आणि फिरणं कायमचं बंद झालं. वसुधा सोबत म्हणून यायला लागली. तिला अजूनही नियम नीट कळत नव्हते. लतिका ओरडली की ओरडायचं, तिने कपाळावर हात मारला की गप्प बसायचं, इतकंच.

त्यांची ओळख मात्र कपडे धुताना झालेली. साल शहात्तर. अपार्टमेंटच्या तळघरात नाणी टाकून चालणारी यंत्रं होती. नुकती आलेली वसुधा, साडीवर कोट घातलेली, नवऱ्याचे शर्ट आणि स्वतःची नारायणपेठ एकाच यंत्रात कोंबत होती. मागून आवाज आला, "मराठी का?"

"हो."

"मग ती साडी बाहेर काढा आधी. सगळ्या शर्टांचा गुलाल होईल."

आज देशी दुकानांनी गजबजलेल्या ओक ट्री रोडवर तेव्हा आपलं एकही दुकान नव्हतं. तूरडाळीसाठी न्यूयॉर्कला जावं लागे. दोघी एका गाडीतून जायच्या, मागच्या सीटवर मिहीर आणि आर्य एकमेकांचे केस ओढत. पुढे दोघींनी एकाच रस्त्यावर घरं घेतली. मुलं मोठी होऊन गेली. नवरे गेले. राहिल्या या दोघी.

पहिली मॅच मात्र चक्क चुरशीची झाली. शेवटच्या इनिंगमध्ये आपल्या टीमला बरोबरीसाठी एक रन हवी होती, दोन मुली बाद, एक तिसऱ्या बेसवर पोचलेली. लतिका उठून उभीच राहिली.

"चल गं बाई! कम ऑन, नंबर एट! बघत काय बसलीस, घुमव!"

खाली घडीच्या खुर्चीत बसलेले एका मुलीचे वडील वळून हसले. भाषा कळली नाही तरी त्यांनी अंगठा वर केला. आठ नंबरची मुलगी बॅट खांद्यावर घेऊन उभी. पिचरने हात गर्रकन फिरवून चेंडू सोडला. तो पिवळा चेंडू तिच्यासमोरून सुळकन गेला, आणि अंपायरचा हात तिसऱ्यांदा वर झाला. बाद; मॅच संपली. मुलीने बॅट हलवलीसुद्धा नव्हती.

लतिका धप्पकन बसली. "उभ्याउभ्या आउट! अगं, हुकला असता तर हुकला असता. निदान फिरवायची तरी!"

"नसेल जमलं तिला."

"न जमायला काय झालं? घाबरली. आतासुद्धा बघ कशी, आहे तिथेच उभी आहे."

वसुधाने डबा उघडला. दोन मॅचमधला अर्धा तास सुरू झाला होता. लतिकाने थर्मासमधून चहा ओतायला घेतला.

"लतिका," वसुधा म्हणाली, "तू टेक्सासला जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये."

लतिकाने एक कप भरला, दुसरा भरला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "हे तू आज सांगतेस?"

"मी आधीही विचारलं होतं."

"विचारलं होतंस. कुमारचा चौदावा झाला त्या दिवशी. माझ्या स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता."

"मग? तू नको म्हणालीस. 'नको गं, तुला कशाला त्रास,' असंच म्हणालीस. मला शब्द न् शब्द आठवतोय."

"आणि तू काय म्हणालीस, तेही आठवतंय का?"

वसुधाला आठवत होतं. ती म्हणाली होती, 'बरं.'

"नको म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?" ती म्हणाली.

"दुसऱ्यांदा विचारणार माणूस!" लतिकाचा आवाज एवढा चढला की खालच्या खुर्चीतले वडील पुन्हा वळले. तिने आवाज खाली आणला. "अगं, नवऱ्याचे दिवस कालपरवा संपलेली बाई मी. पहिल्याच झटक्याला 'हो, भरते बॅग' म्हणणार होते का? मला काही लाज? तू पुन्हा विचारशील म्हणून थांबले मी. आठवडाभर थांबले. मग वाटलं, दिवाळीला विचारेल. तुझ्याकडे फराळाला आले तेव्हा ती खालची खोली बघून आले, सांगू? खिडकीतून सकाळचं ऊन येतं तिथे. पलंग कुठे लावायचा, तेसुद्धा ठरवलं मनात. तू म्हणालीस, 'चहा घेणार?' मी म्हटलं, 'नको.' झालं. चहासुद्धा मिळाला नाही."

हसू आलं पाहिजे होतं. एरवी दोघी हसल्याच असत्या. वसुधाकडे जायचं तर घरून जेवून निघा, ही महाराष्ट्र मंडळातली जुनी थट्टा होती आणि ती पसरवली होती लतिकानेच. वसुधाला लग्नानंतर सासरच्या पंक्तीतल्या आग्रहाचा धसका बसला होता. नको नको म्हणताना पानावर जिलब्या पडायच्या. अमेरिकेत आल्यावर औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि तिथल्या माणसांची रीत तिला फार आवडली. एकदा विचारायचं, उत्तर ऐकायचं, त्याचा मान ठेवायचा. समोरचा मोठा आहे, त्याला कळतं त्याला काय हवंय. तिने ती रीत उचलली, घरी आणली, मुलाला शिकवली. कोणी थट्टा केली तर मनातून तिला थोडा अभिमानच वाटायचा.

"मला वाटलं, तुला तुझं घर सोडायचं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी तुझ्या मनाचा मान ठेवतेय."

"ठेवलास की."

"आता विचारते ना. ये माझ्याकडे. खालची खोली तुझी."

"वसू, घर गेलं. बुधवारी सह्या झाल्या."

मैदानावर रेघ आखणारी ढकलगाडी होम प्लेटपासून पहिल्या बेसकडे निघाली होती. चहावर साय धरली.

"मला सांगितलं नाहीस."

"आज सांगणार होते. दुसरी मॅच झाल्यावर."

"पण घर गेलं तर गेलं. तुला राहायला घर आहेच ना? माझं."

"आणि मिहीरला काय सांगू?" लतिका म्हणाली. "तो इथे जन्मलेला पोरगा. मराठी बोलताना ततपप होते त्याची. पण मी नाही म्हटलं की पुढच्या रविवारी हा परत विचारणार. 'आई, प्लीज कम. आई, जस्ट थिंक अबाउट इट.' दीड वर्ष विचारत होता. कुठून शिकला कोण जाणे. शेवटी जानेवारीत हो म्हटलं मी. आता त्याने खालची स्टडी मोडून माझी खोली केलीये. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत. सुनेने देवांसाठी शेल्फ करून घेतलं, फोटो पाठवला मला. कसं नको म्हणू आता?"

"तुला जायचंय का पण?"

लतिकाने टोपी काढली, केस सारखे केले, टोपी पुन्हा घातली.

"नाही," ती म्हणाली.

दुसरी मॅच सुरू झाली.

मॅच चालू असताना लतिकाशी बोलायचं नाही, हा नियम वसुधाने त्या दिवशी मोडला. ती बोलतच राहिली. पाहुण्या टीमच्या मुली एकामागून एक बेसवरून धावत होम प्लेटला येऊन रन काढत होत्या, त्यांच्या डगआउटमधून टाळ्या आणि गाणी चालली होती, आणि वसुधा जन्मात कोणाला केला नाही असा आग्रह करत होती. वर्षातले सहा महिने इकडे, सहा तिकडे. नाहीतर उन्हाळ्यापुरती ये, तिथला उकाडा तुला सोसायचा नाही. मिहीरशी मी बोलते. मी सांगते त्याला की चूक माझी आहे. तुझ्या गुडघ्यांची डॉक्टर इथे आहे. तिथे तुला ड्राइव्ह करू देणार नाहीत, बघ तू, तासभर हायवेने गेल्याशिवाय तिथे काही येत नाही. दिवसभर घरात एकटी बसशील. तुझ्याशी मराठीत कोण बोलणार?

लतिका प्रत्येक वेळी "नको" म्हणत होती. आधी हसून, मग मान हलवून, मग नुसतीच समोर बघत. आणि वसुधाला कळत गेलं की हे नको वेगळं आहे. याच्या मागे कोणी वाट बघत उभं नाही.

"पुरे, वसू," शेवटी लतिका म्हणाली आणि तिने वसुधाच्या हातावर हात ठेवला. हात गार पडला होता. "छान वाटलं ऐकायला. खरंच. पण पुरे आता."

तेवढ्यात मैदानावरच्या मुली एकदम ओळीत आल्या आणि समोरच्या टीमच्या हातांवर हात मारत जाऊ लागल्या. वसुधा गोंधळली.

"झालं? एवढ्यात? अजून दोन इनिंग आहेत ना?"

"अकरा-एक झालंय. पाच इनिंगनंतर आठ रनांचा फरक असला की थांबवतात. पुढे खेळण्यात अर्थ नसतो म्हणून."

"हा नियम मला माहीत नव्हता."

"कितीदा सांगितलाय मी."

हरलेल्या मुली दूर गवतावर गोल करून बसल्या. कोच काहीतरी समजावत होती. आठ नंबरची मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. लतिका त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने उशा एकावर एक ठेवल्या आणि पायऱ्या उतरायला वसुधाचा खांदा धरला.

गाडी वसुधा चालवत होती. सिग्नलला थांबल्या तेव्हा लतिकाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"आई! हाउ वॉज द गेम? थंडी होती का?"

"मस्त झाली," लतिका म्हणाली. आवाज खणखणीत. "दोन्ही हरलो. वसूमावशी आहे गाडीत."

"हाय मावशी! मावशी, तुम्ही पण या ना इकडे. आय मीन इट. गेस्ट रूम आहे. आईला कंपनी होईल. याल ना?"

"हो," वसुधा म्हणाली. "येईन की."

"रियली? प्रॉमिस?"

"हो रे. प्रॉमिस."

लतिकाने वळून तिच्याकडे पाहिलं. इतक्या चटकन, पहिल्या विचारण्यातच मिळालेला होकार नुसता बोलण्यापुरता असतो, हे तिला मिहीरपेक्षा जास्त कळत होतं. तिने फोन कानाला लावला आणि मुलाला, जेवलास का, म्हणून विचारू लागली. सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे वसुधाने गाडी पुढे घेतली.