सवयीतलं वय

लाकडी सामानाच्या कारखान्यात इतका खोकला कशानं, हे शोधायचं काम तिच्याकडे आलं होतं. माहितीचे रकाने ढीगभर; कशाचा किती दोष हे काढणाऱ्या सूत्रात ते सगळे हातानं कोण लिहीत बसणार? तिनं संगणकालाच सांगितलं, रकान्यांची नावं घे, मधे अधिकचं चिन्ह घाल, फुलामागून फूल ओवावं तसं सूत्र ओव. वय तेवढं ती स्वतः वेगळ्या रीतीनं मांडणार होती. म्हणून एक ओळ वाढवली: ज्या नावात ‘वय’ दिसेल ते गाळ.

वय गळलं, वयोगट गळला. सगळा दोष धुळीवर आला, अहवाल तिच्या साहेबांकडून मालकाकडे गेला. लाकूड घासायची खोली बंद झाली आणि तिथं काम करणारी तिची वहिनी घरी बसली.

आज तेच सूत्र नव्या कामासाठी उघडलं, आणि गळलेल्या नावांची यादी तिनं पहिल्यांदाच वाचली. ‘सवय’ही गळली होती. सिगारेटची सवय. ती परत ओवली, तर धुळीचा दोष विरत विरत नावापुरता उरला.

घरी आली तेव्हा वहिनी भांडी घासत होती.

“या वन्सं. तोंड का एवढंसं झालंय? संगणकाशी भांडलात?”

“वहिनी, तुझी खोली माझ्यामुळे बंद झाली.”

“ते माहितेय की. धूळ वाईटच.”

“धूळ नव्हती गं. निदान मी लिहिली तेवढी नव्हती.” मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना नजर फरशीवर.

वहिनीचा हात थांबला. “म्हणजे मागच्या दारी फुंकत बसायचे ते आमच्या खोलीतले गडी, आणि घरी बसले मी? एका ‘स’पायी?”

“हो.”

वहिनी हसायला गेली, ते जमलं नाही. “रोज माझ्या हातचा चहा पिता तुम्ही. मी कामाला कुठं कुठं विचारलं, ते ऐकत बसता.”

“आजच कळलं, वहिनी. शपथ.”

“साहेबांना सांगितलं?”

“उद्या सांगते. नीट लिहून…”

“लिहून नको. तुमचं लिहिलेलं बघितलं मी.”

तिला ते झोंबलं, आणि झोंबावंच असंही वाटलं. तिनं फोन काढला. साहेबांचं नाव दाबलं.

वहिनीनं नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि समोर येऊन बसली.

“साहेब,” ती फोनवर म्हणाली, “कारखान्याचा अहवाल चुकलाय. चूक माझी आहे.”