काटकसर समितीचे आणखी दोन दिवस

सरकारचा खर्च कमी करणं राजधानीत बसून जमत नाही, हे सगळ्या मलावीला ठाऊक आहे. राजधानीत माणूस आपल्या घरी जेवतो, आपल्या घरी झोपतो, मग भत्ता कुठून मिळणार? म्हणून काटकसर समितीचे बावीस जण सहा सरकारी गाड्या घेऊन सरोवराकाठच्या हॉटेलात येऊन पडले होते. तूट पार हाताबाहेर गेली होती, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता, आणि शुक्रवारपर्यंत चार अब्ज क्वाचांना कात्री लावायची होती.

लुसुंगू गोंडवे समितीची टिपणं लिहायची. चार दिवस ती बघत होती. मंत्र्यांच्या गाड्यांना हात लावायचा नाही. परदेश दौरे म्हणजे देशाची इज्जत. रोजच्या जेवणात चाम्बो मासा, वर कोंबडी, आणि तरी कुणीतरी वाढप्यावर खेकसणार, की कालचा मासा मोठा होता. ढेकर देत देत देशाला उपाशी राहायला शिकवणारी ही माणसं पाहून तिला शिसारी यायची. आपणही त्याच ताटात जेवतो याची जास्त.

शुक्रवारी दुपारी पडद्यावर ओळ आली: डोंगरी जिल्ह्यांच्या रुग्णवाहिकांचं डिझेल.

"हे कुणाचं?" अध्यक्ष लिकोंग्वेसाहेबांनी दात कोरत विचारलं. "आरोग्यवाले कुठायत?"

"होडीतून फिरायला गेलेत, साहेब."

"म्हणजे त्यांची हरकत नाही. कापा!"

सगळे हसले. लुसुंगूचं पेन थांबलं. तिची धाकटी बहीण तावोंगा तिकडे डोंगरात, लुविरीच्या इस्पितळात सुईण होती. सकाळीच तिचा फोन आला होता. "ताई, टाकी खडखडीत झालीय. पुढचा हप्ता आला नाही तर गाडी हलणार नाही. मोठं इस्पितळ नव्वद किलोमीटर. मागच्या महिन्यात एकीला बैलगाडीत घालून धाडली, बाळ वाटेतच गेलं. तू तिथंच बसलीयस ना? तोंड उघड की जरा!"

टिपणं लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. लुसुंगू उभी राहिली.

"साहेब, ही ओळ कापलीत तर बाळंतिणी मरतील. किती, तेही मी सांगू शकते."

आता आपली नोकरी गेली, असं तिला वाटलं. पण लिकोंग्वेसाहेबांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"शाब्बास, बाई! मुद्दा गंभीर आहे. असा घाईत निकाल लावणं बरं नाही. अभ्यास झाला पाहिजे."

"किती दिवस, साहेब?" मागून कुणीतरी आशेनं विचारलं.

"दोन तरी."

टाळ्या पडल्या. एकानं तिच्यापुढे थंडगार फँटा आणून ठेवला. "बाई, तुमच्या कृपेनं दोन दिवसांचा भत्ता वाढला, पोराची फी सुटली," तो म्हणाला. लुसुंगूला वाटलं, असेना का, त्या निमित्तानं डिझेल तर वाचेल.

शनिवारी अभ्यास तिनं एकटीनंच केला. जिल्हावार आकडे, अंतरं, मेलेल्या बायकांची संख्या, अठरा पानं. बाकीचे पोहत होते. रविवारी जेवणं झाल्यावर सभा भरली, ती दहा मिनिटं चालली. अठरा पानं कुणी उघडलीही नाहीत.

"बाईंच्या भावना नोंदवून घ्या," लिकोंग्वेसाहेब म्हणाले. "डिझेल बंद."

भावना नोंदवायच्या होत्या तिनंच. तिनं नोंदवल्या.

मग हिशेबनीस भत्त्याचा कागद आणि पाकिटं घेऊन आला. सहीसाठी वाकली, तेव्हा माथ्यावरची ओळ तिनं वाचली: रुग्णवाहिका इंधन, डोंगरी जिल्हे.

"हे काय?"

"समितीचे पैसे शुक्रवारीच संपले, बाई. वाढीव दोन दिवस कुठून भागवायचे? त्या ओळीचा या तिमाहीचा हप्ता अजून गेला नव्हता. आता कुणाला नकोच आहे ना तो?"

"मी सही करणार नाही."

"नका करू," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं पाकीट काही लुविरीला जाणार नाही. साहेबांच्या खिशात जाईल."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच, आणि ते तिच्यापुढे पाकिटात घालून ठेवलं होतं. मागे रांग खोळंबली होती. घरी जाताना स्वस्तातला मासा घ्यायचा होता सगळ्यांना. लुसुंगूनं सही केली. स्वतःचीच इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती. पाकीट तिनं टाकून मात्र दिलं नाही.

गाडीपाशी पोचते तोच तावोंगाचा फोन.

"ताई! इथं सगळ्यांना सांगितलंय मी, माझ्या बहिणीनं अख्खी सभा दोन दिवस रोखून धरली म्हणून! बायका तुझ्या नावानं प्रार्थना करतायत. मग? मिळालं का डिझेल?"

लुसुंगूनं पाकिटातल्या नोटांवर बोट फिरवलं. डिझेलचा भाव तिला पाठ होता.

"साठ लिटर," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला साठ लिटर आलं, तावोंगा."

"साठच? असू दे. दोन खेपा होतील. दोघी तरी जगतील. कधी पाठवतेस, ताई?"